पूल नसलेल्या बेटावर जायचं ठरवताना

ओक्राकोकला पूल नाही, आणि सुट्टी ठरवताना बाकीचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून बरंच लांब, समुद्रात, वाळूची एक लांबलचक चिंचोळी पट्टी आहे, आउटर बँक्स म्हणतात तिला, आणि त्या पट्टीतलं हे एक बेट. जायचं तर फेरीबोटीने, नाहीतर स्वतःची बोट हवी, नाहीतर छोटं विमान. आम्ही याच राज्यात, रॉली शहराजवळ केरीला राहतो. इकडची आमच्या ओळखीतली बहुतेक मराठी मंडळी बीच म्हटलं की राइट्सव्हिल नाहीतर मर्टल बीच, गाडी काढली की दोन-चार तासांत वाळूत पाय, आणि लाँग वीकेंडला आम्हीही तेच करतो. पण यावर्षी माझे आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, आणि वॉशिंग्टन, नायगारा, मंदिर, मॉल सगळं दाखवून झाल्यावर बाबा एकदा जेवताना म्हणाले, "अगं, तुमच्याकडे शांत समुद्र नाही का कुठे? जिथे माणसं कमी असतील असा?" तेव्हापासून माझ्या डोक्यात ओक्राकोकच आहे. लग्नानंतर आम्ही दोघं दिवसभरासाठी गेलो होतो तिथे, संध्याकाळी फेरी पकडून परत, आणि परत येताना मला सारखं वाटत होतं की आता गाव मोकळं होईल आणि नेमके आपण निघालोय.

बाबा दापोली तालुक्यातले, हर्णैच्या जवळचे. त्यांच्या डोळ्यासमोर बेट म्हणजे सुवर्णदुर्ग, भर समुद्रात कातळावर उभा. मी लॅपटॉपवर सॅटेलाइट मॅप काढून दिला तर ते चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ही तर नुसती रेघ आहे गं. याच्याखाली कातळ कुठाय?" कातळ नाहीच. सोळा मैलांच्या आसपास लांबी, रुंदी बऱ्याच ठिकाणी अगदीच थोडी, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला पॅम्लिको साउंड, म्हणजे उथळ खारं पाणी पण इतकं पसरलेलं की समोरची जमीन दिसत नाही. १५२४ साली वेराझानो नावाचा दर्यावर्दी या पट्टीच्या बाहेरून गेला तेव्हा त्याला आतलं हे पाणी म्हणजे पॅसिफिकच वाटला होता.

अशा बेटांना बॅरियर आयलंड म्हणतात, आणि ती एका जागी थांबत नाहीत. मोठं वादळ आलं की लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे, साउंडच्या बाजूला नेऊन टाकतात, पुढून झिजतं आणि मागे भरतं, असं करत करत अख्खं बेट हळूहळू मुख्य जमिनीकडे सरकत राहतं. कधी वादळ मधूनच पट्टी फोडतं आणि समुद्राला आत यायला नवीन वाट मिळते. ओक्राकोक आणि त्याच्या उत्तरेचं हॅटरस बेट यांच्यामधली आत्ताची वाट अशीच १८४६ च्या चक्रीवादळात उघडली. बेटाचं हे असंच चालत आलंय, पंचाईत होते ती आपण मध्ये घर बांधतो आणि रस्ता टाकतो म्हणून. वर हॅटरस बेटावर रोडांथेला आणि आता बक्सटनलाही, गेल्या काही वर्षांत एकामागून एक घरं समुद्रात पडलीयत, व्हिडिओ सगळ्यांनीच बघितले असतील. आणि हॅटरसचं ते काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं उंच दीपगृह तर १९९९ साली उचलून २,९०० फूट आत नेऊन ठेवलं, कारण समुद्र पायाशी आला होता. बाबांना हे ऐकून फार म्हणजे फार आश्चर्य वाटलं. दीपगृह हलवतात, हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं.

कधी जायचं हा पहिला वाद. आमच्या मुलांची शाळा इयर-राउंड आहे त्यामुळे उन्हाळ्यातच जायला हवं असं काही नाही, ट्रॅक-आउट, म्हणजे वर्षात मधूनमधून मिळणारी सुट्टी, कधी येतो त्यावर सगळं. जुलै-ऑगस्ट मी आधीच काढून टाकला, कारण ऊन, डास, आणि हॅटरसच्या फेरीला गाड्यांची रांग. मे चांगला असतो पण तेव्हा आईबाबा नुकतेच आले होते आणि जेटलॅगमध्येच होते. राहिला ऑक्टोबर. मुलांना सुट्टी, पाणी अजून कोमट, गर्दी ओसरलेली, आणि महिनाअखेरीला आईबाबा परत निघणार कारण दिवाळी त्यांना त्यांच्या घरीच हवी. फक्त एक, हरिकेन सीझन १ जूनला सुरू होतो तो ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणजे ऑक्टोबर काही सुरक्षित नाही.

मी घरात हे लपवून ठेवलं नाही, सगळं सांगितलं. ६ सप्टेंबर २०१९ ला डोरियन आलं तेव्हा ओक्राकोक गाव बुडालं होतं, आणि पाणी समुद्राकडून आलं नव्हतं, मागून आलं. आधी वाऱ्याने साउंडचं पाणी पश्चिमेला, नद्यांच्या मुखांकडे ढकलत नेलं, मग वादळ पुढे सरकल्यावर वारा फिरला आणि ते सगळं पाणी एकदम बेटावर परत आलं, बघता बघता सात फुटांच्या आसपास. घरं, दुकानं, शाळा, सगळ्यात पाणी. पाहुण्यांना बेट डिसेंबरपर्यंत बंद होतं. हे ऐकल्यावर बाबांनी विचारलं, "झाडं किती पडली?" मी गप्पच झाले, कारण तो प्रश्न कुठून आला ते मला माहीत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, नारळ मधून मोडले, आजोबांनी लावलेली झाडं होती ती. घराची कौलं दोन महिन्यांत परत बसली पण पोफळ धरायला वर्षं जातात, आणि बाबा अजूनही कुठल्याही वादळाची बातमी ऐकली की आधी झाडांचं विचारतात. मग तेच म्हणाले, जाऊया. वादळाच्या भीतीने किनाऱ्यावर जायचंच नाही असं कोकणातला माणूस म्हणत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून जायचं.

डोळे उघडे ठेवायचे म्हणजे काय, तर एक म्हणजे इन्शुरन्स. नॉर्थ कॅरोलिनात व्हेकेशन रेंटलचा वेगळा कायदा आहे. सरकारने बेट रिकामं करायचा सक्तीचा आदेश काढला तर जेवढे दिवस राहता येणार नाही त्याचं भाडं परत मिळतं, पण बुकिंगच्या वेळी तुम्हाला इन्शुरन्स देऊ केला होता आणि तुम्ही नको म्हणालात, तर मिळत नाही. त्या इन्शुरन्सची किंमत भाड्याच्या ८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आपल्यापैकी बरेच जण बुकिंग करताना शेवटच्या पानावरचे ते चौकोन न वाचता पुढे जातात, हा चौकोन तेवढा वाचा. आणि वादळच लागतं असंही नाही, २०१७ च्या जुलैअखेरीस वर, हॅटरस बेटाच्या उत्तरेच्या ओरेगन इनलेट नावाच्या खाडीमुखावर नवीन पुलाचं काम चालू असताना विजेच्या केबल तुटल्या आणि हॅटरस आणि ओक्राकोक दोन्हीकडच्या पाहुण्यांना भर सीझनमध्ये घरी जावं लागलं होतं. वीज लांबून येते, पाणी तिथेच आरओ करून प्यायचं करतात, गावाला एक क्लिनिक आहे, हॉस्पिटल नाही, पेशंट गंभीर असला तर हेलिकॉप्टर. म्हणून बाबांच्या बीपीच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्या परतीच्या तारखेच्या पुढेही आठ-दहा दिवस पुरतील एवढ्या न्यायच्या, हे मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

जायचे रस्ते तीन. हॅटरसकडून फेरी फुकट आहे, तासाभराची, पण बुकिंग नाही, रांगेत लागा आणि नंबर येईल तेव्हा जा, शिवाय आमच्याकडून हॅटरसलाच पोचायला अख्खा दिवस जातो. दुसरी सीडर आयलंडहून, सव्वादोन तास. तिसरी स्वॉन क्वार्टरहून, अडीच तासांच्या वर. या दोन्हींना पैसे पडतात पण आधी जागा धरून ठेवता येते, आणि आईला गाडीत ताटकळत बसवायचं नाही म्हणून आम्ही स्वॉन क्वार्टर घेतली. रॉलीहून २६४ नंबरचा रस्ता पूर्वेला धरला की विल्सन, ग्रीनव्हिल, वॉशिंग्टन (हे आपलं छोटं वॉशिंग्टन), मग बेलहेवन, मग नुसती सपाट शेतं आणि पाणथळ, तीन तासांत धक्का. नवऱ्याचं म्हणणं अडीच तास बोटीत काय करायचं. मला तर तो वेळ सुट्टीत धरायचाय. जमीन मागे जाते, पुढचं बेट अजून दिसत नाही, फोनची रेंज जाते, मुलं कठड्याला लागून पेलिकन बघतात, आणि कुणालाही कुठेही लवकर पोचता येत नाही. बाबांनी दाभोळ-धोपावेची फेरीबोट शेकडो वेळा केलीय पण ती दहा-पंधरा मिनिटांची, त्यांना या लांब फेरीचं कुतूहल आहे, कप्तानाच्या केबिनपर्यंत जाऊ देतात का हे त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय. वारा फार असला तर फेरी बंद राहते. म्हणून परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसची कुठलीच मीटिंग ठेवायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

घर शोधणं हे मात्र सगळ्यात कठीण गेलं, आणि त्यात मी बरंच काही शिकले. डोरियननंतर गावातली खूप घरं उचलून उंच खांबांवर ठेवलीयत, जॅक लावून अख्खं घर वर घेतात आणि खाली खांब. म्हणजे जे घर पाण्यापासून सुरक्षित ते चढायला अवघड, आणि आईचे गुडघे मागच्या वर्षीपासून बोलायला लागलेत. फोटोत सुंदर घर दिसावं, गॅलरी, झोपाळा, समोर साउंड, आणि मग जिना मोजला की बाद. काही नवीन घरांना लिफ्ट असते पण ती आमच्या बजेटच्या पार बाहेर. जुनी बैठी घरं लाइव्ह ओकच्या झाडांखाली, त्यातली काही शंभर वर्षांची, ती पाण्यात जाऊन परत सुकवलेली, फळ्या बदललेल्या. जुन्या काळी या बेटांवर पाणी चढायला लागलं की घरातली माणसं स्वतःच कुऱ्हाडीने जमिनीच्या लाकडी फळ्यांना भोक पाडायची, म्हणजे पाणी आत येईल आणि घर पायावरून सुटून तरंगत जाणार नाही. स्वतःच्या घरात पाणी स्वतः घ्यायचं! १९४४ च्या वादळाच्या अशा गोष्टी गावातले म्हातारे सांगत आलेत. मी हे वाचलं आणि त्या रात्री मला घरांच्या फोटोंकडे नुसतं किंमत आणि बेडरूम म्हणून बघता येईना.

शेवटी मिळालं एक. बैठं, थोड्या पायऱ्यांचं, पुढे पडवीसारखा स्क्रीन लावलेला पोर्च, आवारात अंजिराचं झाड आणि पावसाचं पाणी साठवायची जुनी सिमेंटची टाकी, जी आता वापरात नाही पण पाडली पण नाही. ऑक्टोबरमध्ये अंजीर संपलेले असणार, ओक्राकोकला अंजिराचा केक करतात तो तरी मिळेलच. मालकीणबाई गावातल्याच आहेत, बाहेर राहून बेटावर गुंतवणूक करणाऱ्या नाहीत, आणि हे मी मुद्दाम बघितलं. तिथे वर्षभर राहणारी माणसं आठशेच्या आसपास आहेत, आणि शाळेतल्या शिक्षकांना, हॉटेलात काम करणाऱ्यांना बारा महिने भाड्याने घर मिळणं अवघड होऊन बसलंय, कारण आमच्यासारखे आठवड्याचे पाहुणे जास्त पैसे देतात. आपण येतो म्हणून गाव चालतं हे खरंच आहे. पण आपण येतो म्हणून गावातल्या माणसाला गाव सोडावं लागू नये असं मला मनापासून वाटतं, आणि एक पाहुणी म्हणून माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करणार, घर गावातल्या माणसाकडून घ्यायचं, खायला-प्यायला तिथेच घ्यायचं, आणि दिवसाची धावती ट्रिप न करता राहायचं. मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं की गावात ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहेत, तर तळणीचं तेल, उरलेलं अन्न सिंकमध्ये टाकू नका. आईला हे लगेच पटलं. तिने पुऱ्यांचा बेत रद्द केला आणि थालीपिठाची भाजणी काढली.

सामानाबद्दल आईचं आणि माझं थोडं वाजलं. तिचं म्हणणं सगळं इथूनच न्यावं, डाळ, तांदूळ, पीठ, भाज्या, दूध, सगळं. मी म्हटलं पीठ-मसाले नेऊ, कारण तिथल्या दुकानात हिंग मिळणार नाही, पण भाजी, दूध, ब्रेड, अंडी तिथल्या दुकानातून, दोन पैसे जास्त गेले तर जाऊ देत. आणि मासे तर तिथलेच. धक्क्याजवळ फिश हाऊस आहे, मच्छीमार आपली मासळी तिथे उतरवतात. एकेकाळी ते बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा गावातल्या मच्छीमारांनीच एकत्र येऊन ते टिकवलं. तिकडे स्पॅनिश मॅकरेल मिळतो, तो आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. हे सांगितल्यावर बाबांनी तिरफळं पाहिजेत म्हणून डबे हुडकायला सुरुवात केली, आणि कोकमं तर आईने आधीच वेगळ्या पिशवीत भरून ठेवलीयत.

तिथे जाऊन करणार काय, असं नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं. करायला फार काही नाही, म्हणूनच तर जायचं. गाव सगळं एका टोकाला, बंदराभोवती, सायकलने फिरून होतं. उरलेला जवळजवळ सगळा समुद्रकिनारा नॅशनल सीशोर म्हणजे सरकारने राखलेल्या किनाऱ्यात येतो, १९३७ साली संसदेने मंजूर केलेला, देशातला पहिला, म्हणून तिथे एकही हॉटेल नाही, घर नाही, मैलोन्‌मैल नुसती वाळू आणि सी ओट्सचं गवत, जे वाळूच्या टेकड्या धरून ठेवतं म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही. मुलांना समुद्री डाकू ब्लॅकबिअर्डचं वेड लागलंय, तो १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये इथेच मारला गेला. १८२३ चं पांढरं दीपगृह आहे, बुटकं, वर चढू देत नाहीत, पण अजून चालू आहे. पोनी आहेत, पूर्वी बेटावर मोकळे फिरायचे, रस्ता झाला आणि गाड्या आल्या तसे कुंपणात गेले. ऑक्टोबरमध्ये रेड ड्रम मासा किनाऱ्याजवळ येतो आणि लोक गळ लावून दिवसदिवस उभे राहतात, बाबा त्यांच्यात जाऊन उभे राहणार याबद्दल मला शंका नाही.

आणि एक छोटं ब्रिटिश स्मशान आहे. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यावर जहाजं बुडवत होत्या, तेव्हा अमेरिकेच्या मदतीला आलेली बेडफर्डशायर नावाची ब्रिटिश बोट मे महिन्यात टॉर्पेडोने गेली, कुणीही वाचलं नाही. चार मृतदेह ओक्राकोकच्या किनाऱ्याला लागले आणि गावकऱ्यांनी ते आपल्यात पुरले. अजूनही दर मे महिन्यात तिथे कार्यक्रम होतो. आई ऐकत होती, काही बोलली नाही, नंतर भाजी निवडताना म्हणाली, "कुणाची गं पोरं ती, आयांना कळलं तरी असेल का कुठे पुरलंय ते." फुलं न्यायचीयत तिला. केरीहून न्यायची की तिथे मिळतील यावर सध्या विचार चालू आहे.

माझं स्वतःचं मन मात्र पलीकडच्या पोर्ट्समथमध्ये अडकलंय. ओक्राकोकच्या दक्षिणेला खाडीमुख ओलांडलं की ते बेट, छोट्या होडीने जाता येतं. १७५३ साली वसवलेलं गाव, मोठी जहाजं उथळ पाण्यात आत येऊ शकायची नाहीत म्हणून माल इथे छोट्या बोटींत उतरवायचे, त्यावर गाव उभं राहिलं. १८६० च्या आसपास जवळपास सातशे माणसं होती. पण वर सांगितलं ना, १८४६ च्या वादळाने हॅटरसजवळ नवीन वाट उघडली, तर जहाजं हळूहळू तिकडे वळली. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं, मग एकेक वादळ, पोस्ट ऑफिसही बंद झालं. शेवटी तिघंच राहिली, दोन वयस्क बाया आणि हेन्री पिगट नावाचा माणूस, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा वंशज, जो होडी घेऊन टपालबोटीला सामोरा जायचा आणि गावाची पत्रं-सामान घेऊन यायचा. १९७१ च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच्याशिवाय राहणं शक्य नाही म्हणून त्या दोघीही निघाल्या. चर्च, शाळा, घरं, सगळं उभं आहे, पार्क सर्व्हिस सांभाळते. आणि दर दोन वर्षांनी गावातल्या लोकांचे वंशज जमतात, गाणी म्हणतात, जेवतात, परत जातात.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते आमच्या वाडीतली घरं मोजायला लागले. कुठल्या घराला कुलूप, कुठलं फक्त गणपतीला उघडतं, कुठल्याची चावी आमच्याकडेच आहे. चावी ठेवणारे आता बाबाच. आणि तेही सहा महिने इकडे असतात तेव्हा शेजारच्या काकू बघतात, त्या पंच्याहत्तरच्या पुढे.

फेरीचं बुकिंग झालं, घराचा ॲडव्हान्स गेला, इन्शुरन्स घेतला. पोर्ट्समथचं तेवढं राहिलंय. तिथले डास फार नावाजलेले आहेत, सावली कमी, होडीतून उतरताना गुडघाभर पाणी लागू शकतं, त्यामुळे आईला न्यायचं की नाही हा प्रश्न होता. आई म्हणाली मी पोर्चवर बसेन, तुम्ही जा. बाबा म्हणाले ती येणार नसेल तर मी पण नाही. मग काल रात्री आईनेच मला खोलीत बोलावून विचारलं, त्या होडीवाल्याला फोन करून विचार ना, भरतीला गेलं तर थेट धक्क्याला लावतो का म्हणून.